मौदा तीन मैल जवळ आलं

माझी आत्या डॉक्टर होती आणि तिची गाडी ही तिची सर्वांत जुनी पेशंट. नागपुरात, महाल भागात तिचा बाळंतपणाचा छोटा दवाखाना होता. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ती मौद्याला जाऊन तिथल्या बायकांना तपासायची. त्यासाठी तिने एक गोल पाठीची, काळी, विलायती गाडी घेतली होती, आणि घेतली तेव्हाच ती तिसऱ्या हातची होती. सकाळी सुरू करताना ही गाडी आधी खोकायची, मग खाकरायची आणि मग समोरच्या पानठेल्यावर उभ्या असलेल्या मंडळींच्या तोंडावर धुराचा ढग सोडून जागी व्हायची. ठेल्यावरचे लोक त्याला दवाखान्याची घंटा म्हणत.

गाडी आत्याच्या नावावर, पण ताबा ड्रायव्हरचा. चाळिशीचा, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा हा माणूस रोज उत्तर नागपुरातून सायकलने यायचा आणि शर्टाला एकही सुरकुती न पडता यायचा, हे कसं ते मला कधी कळलं नाही. छप्पन साली त्याने आईवडिलांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बारा वर्षं तो आत्याकडे होता. तो तिला बाई म्हणायचा, मला भाऊ म्हणायचा, आणि गाडीशी मात्र एकेरीत बोलायचा.

आता माझी एन्ट्री. वय पंचवीस, नोकरी शाळेत गणिताच्या मास्तरची, राहणं आत्याकडेच, आणि डोक्यात हवा चाकांपेक्षा जास्त. अशात पेट्रोल एकदम महागलं. आत्याने मौद्याची फेरी पंधरा दिवसांनी करायचं मनात आणलं, आणि मला वाटलं, माझ्यासारखा विद्वान घरात असताना हे होणे नाही.

बर्डीच्या फुटपाथवर मला जुनी इंग्रजी मोटारींची मासिकं मिळायची. त्यातल्या एकात मला मंत्र सापडला. गाडीच्या मागच्या आसात दोन दातेरी चाकं असतात, एक लहान आणि एक मोठं. इंजिनाचा जोर लांब शाफ्टमधून लहान चाकाला येतो, लहान मोठ्याला फिरवतं आणि मोठं गाडीच्या चाकांना. या जोडीच्या दात्यांचं प्रमाण बदललं की गाडीचा स्वभाव बदलतो. हे समजायला मोटार लागत नाही, सायकल पुरते. दूधवाल्याची सायकल बघा. पायडलचं दातेरी चक्र लहान, त्यामुळे चार कॅन लटकवूनही ती चटकन उठते, पण पाय मात्र पाखरासारखे फडफडतात. तेच कॉलेजातल्या पोराची मोठ्या चक्राची सायकल घ्या. उठताना कुरकुरते, पण एकदा धावायला लागली की एका पायडलात अर्धी गल्ली पार. आत्याची गाडी दूधवाल्याची होती. मला ती कॉलेजच्या पोराची करायची होती. म्हणजे सपाट रस्त्यावर इंजिनाला कमी फेरे मारावे लागणार आणि पेट्रोल वाचणार.

कामठी रोडवर एक मिस्त्री होता. भंगारात निघालेल्या एका गाडीची तशी जोडी त्याच्याकडे पडून होती. आमच्या जोडीचे दाते नऊ आणि एक्केचाळीस, त्या जोडीचे दहा आणि एकोणचाळीस. मी त्याला मासिक दाखवलं. त्याने ते उलटं धरलं, परत दिलं आणि विचारलं, “पिकअप चाहिए के एवरेज? दो में से एक मिलेगा, भाऊ. दोनों किसी को नहीं मिला.”

मी रुबाबात अ‍ॅव्हरेज मागितलं. ड्रायव्हर बाजूला उभा होता. त्याला कोणी विचारलं नाही. त्याने फक्त काढलेली जुनी जोडी ग्रीस लावून पोत्यात गुंडाळली आणि डिकीत स्टेपनीखाली ठेवली. कशाला म्हणून मी हसलो, तर म्हणाला, असू द्या, खाऊन नाही राहिली काही.

पहिल्या मौद्याच्या फेरीला मीही गेलो. शहर सुटलं, भंडारा रोड सरळ झाला आणि गाडीने असा काही सूर लावला की मी आत्याकडे वळून टाळी मागितली. नेहमी किंचाळणारं इंजिन पोट भरलेल्या मांजरासारखं गुरगुरत होतं. मौद्याला पोचलो तेव्हा ड्रायव्हरने मीटरकडे पाहिलं आणि मला म्हणाला, “भाऊ, मौदा तीन मैल जवळ आलं.”

वाहवा! केवढं बोलला, असं मला वाटलं. हे वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकवलं, पानठेल्यावर ऐकवलं, एका बारशातही ऐकवलं. फक्त ते खरं असेल का, हे एकदाही तपासलं नाही. मीटर वाचणं हे माझं काम, आणि मीटर वाचून बोलला होता तो.

मी वही सुरू केली. किती मैल झाले ते रोज मीटरवरून मी लिहायचो, किती लिटर पडलं ते पावतीवरून. आधी गाडी लिटरला सहा मैल द्यायची. मी आत्याला सातचं वचन दिलं होतं. महिन्याअखेर हिशोब केला तर आलं साडेपाच. दुसऱ्या महिन्यात पुन्हा साडेपाच, एका आठवड्यात तर पाचच. गणित चुकणं शक्य नव्हतं, कारण ते मी केलं होतं.

मग पेट्रोल जातं कुठे?

पंपावर संशय आला, तेव्हा मी पंप बदलला. मिस्त्रीवर आला, तेव्हा गाडी पुन्हा त्याच्याकडे नेऊन सगळं उघडून पाहिलं. ड्रायव्हरवर आला तेव्हा मात्र मी काहीच तपासलं नाही. त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. बारा वर्षांत ज्याने आत्याच्या पर्समधून पडलेली चिल्लरही गाडीतून उचलून परत दिली होती, त्याच्याविषयी हा विचार इतक्या सहज मनात कसा आला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या घरात त्याचा चहाचा कप वेगळ्या खिळ्याला अडकवलेला असायचा. त्या खिळ्याजवळच कुठेतरी तो विचार आधीपासून टांगलेला असणार. आत्याने एकदा तो कप उचलून फडताळात ठेवला होता. घरातल्या कोणीतरी तो पुन्हा खिळ्यावर नेला. कोणी नेला ते मी शोधलं नाही, आणि काढलाही नाही.

तर मी काय केलं ऐका. दवाखान्यातली चिकटपट्टी घेतली, जखमेला लावतात ती. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर एक लांब तुकडा चिकटवला आणि त्यावर अर्धी झाकणावर, अर्धी गाडीवर येईल अशी झोकदार सही ठोकली. झाकण उघडलं की सही फाटणार. मला वाटलं, आपण मास्तर झालो यात पोलीस खात्याचं केवढं नुकसान झालं.

ड्रायव्हरने सकाळी गाडी पुसायला फडकं घेतलं. मी गच्चीवरून पाहत होतो. तो मागे आला, पट्टी पाहिली, सही पाहिली. मग पट्टीच्या कडेकडेने, तिला धक्का न लावता, सगळी गाडी पुसली. आत्यालाही पट्टी दिसली. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मी परवानगी समजलो.

गल्ली मात्र बोलली. कोपऱ्यावर सायकलरिक्षांचा स्टँड होता आणि तिथल्या मंडळींना दिवसभर सवारीपेक्षा विषयाची वाट पाहावी लागायची. त्यांना विषय मिळाला. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, “काय गा, टाकीले जखम झाली काय?” दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने टाके कधी काढणार म्हणून चौकशी केली. तिसऱ्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. तो जवळून गेला की ते आपसात बोलणं थांबवायचे. थट्टेपेक्षा ते वाईट होतं.

चौथ्या दिवशी त्याने आत्याच्या टेबलावर चाबी ठेवली. मी तिथेच होतो.

“बाई, मी पेट्रोल घेतलं नाही असं सांगाले नाही आलो. सांगून कोण मानते? तुम्ही टाकी रिकामी करा. तुमच्यासमोर मापानं भरा. बाजाराच्या दिवशी मौद्याले जाऊ. गाडी भाऊ चालवतील. मी मागं बसतो, हात मांडीवर ठेवून. आल्यावर परत माप घ्या.”

“आणि मग?” आत्याने विचारलं.

“मंग चाबी कोनाले द्याची ते तुम्ही ठरवा. घ्याची का नाही ते मी ठरवीन.”

आत्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. अवघड बाळंतपणाच्या आधी ती असं करायची.

बाजाराच्या दिवशी सकाळी रॉकेलवाल्याकडून लिटरचं माप आणलं. टाकीतला थेंबन्‌थेंब काढला आणि दहा लिटर मोजून ओतलं. मी मोजले, आत्याने मोजले आणि रिक्षास्टँडने तर मोठ्याने मोजले. पट्टी पुन्हा लावू का, असं मी विचारलं असतं तर आत्याने माझ्या तोंडावर लावली असती, म्हणून विचारलं नाही. आत्या माझ्या शेजारी बसली. मागच्या सीटवर, जिथे बारा वर्षं आत्या बसायची, तिथे ड्रायव्हर बसला. पाठ ताठ, पंजे मांडीवर, नजर समोर.

मला गाडी चालवता येते असा माझा समज होता. रेल्वे फाटकापर्यंत तो टिकला. फाटकाशी थोडा चढ होता. गाडी थांबवली, फाटक उघडलं, मी नेहमीसारखा क्लच सोडला, गाडीने एक हुंदका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे बैलगाड्या, रिक्षा, सायकली, सगळं नागपूर माझ्या पाठीशी उभं. एका बैलगाडीवाल्याने सहानुभूतीने विचारलं, “ढकला लागते का गा साहेब?”

मागून शांत आवाज आला. “पहिल्यातच ठेवा, भाऊ. क्लच अर्ध्यावर धरा, रेस द्या. घाई नका करू. आता ते घाईची गाडी राहिली नाही.”

गाडी उठली. म्हातारी खाटेवरून उठते तशी. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला होता, आणि तेव्हा लक्षात आलं की महालाच्या गल्ल्यांत, दर वळणाला, दर बैलाला, दर पोराला थांबून पुन्हा उठताना हा माणूस गेले दोन महिने दिवसातून शंभरदा हेच करत होता. माझ्या सुधारणेचं ओझं त्याच्या डाव्या पायावर होतं. तो एकदाही बोलला नव्हता. आणि शहरात एखाद्या आठवड्यात अ‍ॅव्हरेज पाचावर का येतं, हेही मला त्या चढावर अर्धंमुर्धं कळलं.

शहराबाहेर गाडी पुन्हा गुरगुरू लागली. मौद्याला आत्या बायका तपासत बसली. एरवी ड्रायव्हर मला बाजारातून चहा आणून द्यायचा. त्या दिवशी त्याने समोरच्या हॉटेलात एकट्याने चहा घेतला, पैसे दिले आणि झाडाखाली बसून राहिला. मला पहिल्यांदा भीती वाटली, ती ह्याची की तो चोर निघणार नाही.

परत निघालो. कन्हानचा पूल ओलांडला आणि तो म्हणाला, “भाऊ, त्या दगडाजवळ थांबा.”

थांबलो. रस्त्यावर तोवर मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले होते. आमच्या विलायती गाडीचं मीटर मात्र मैलांतच बोलायचं. त्याने मला मीटरचा आकडा वहीत लिहायला सांगितला. मी लिहिला. मग निघालो, आणि दर दगडाला तो मागून मोजू लागला. एक. दोन. तीन. आवाज वर नाही, खाली नाही. शेतात काम करणाऱ्या बाया वळून पाहायला लागल्या. आत्या खिडकीला लागून दगड पाहत होती. आठव्या दगडानंतर तीही त्याच्यासोबत मोजू लागली.

“सोळा. थांबा. मीटर किती म्हणते?”

मी वजाबाकी केली. “साडेआठ मैल.”

“आन् दगड किती झाले?”

“सोळा.”

“तुम्ही तं मास्तर होय, भाऊ. सोळा किलोमीटरचे मैल किती?”

आठ किलोमीटर म्हणजे पाच मैल. हे मी दरवर्षी चाळीस पोरांकडून पाठ करून घेत होतो आणि चुकलं की बाकावर उभं करत होतो. सोळाचे दहा. रस्ता दहा मैल सरला होता आणि मीटर साडेआठवर अडलं होतं.

तो सावकाश बोलला. “नवीन दाते लागले त्याच दिवशी तुम्हाले सांगतलं होतं. मौद्याले मीटर बारा वर्षं एकवीसच दाखवून राहिलं होतं. त्या दिवशी अठरा दाखवलं. मौदा तं हाललं नाही.”

मग मला, मोटारींची मासिकं वाचणाऱ्याला, एकदम सगळं दिसलं. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटातून निघते. ती चाकांचे फेरे मोजत नाही, शाफ्टचे मोजते. आणि शाफ्टने कमी फिरावं म्हणूनच तर मी दाते बदलले होते! शाफ्ट कमी फिरला, मीटर कमी मोजू लागलं, आणि वहीत मी रोज खोटे मैल सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो.

दवाखान्यापाशी येऊन टाकी रिकामी केली. साडेतीन लिटर उरलं होतं, म्हणजे साडेसहा जळलं. मीटरच्या छत्तीस मैलांना भागलं तर तेच आमचं साडेपाच. चोरी करायला कोणी नसताना, तिघांच्या डोळ्यांदेखत, साडेपाच. आणि खऱ्या बेचाळीस मैलांना भागलं तर जवळजवळ साडेसहा. मौद्याच्या रस्त्यावर माझा प्रयोग यशस्वी झाला होता. त्या यशालाच मी चोरी समजलो होतो.

आत्या माझ्याकडे वळली. “फुटक्या थर्मामीटरने ताप पाहिलास,” ती म्हणाली, “आणि पेशंटला खोटारडा म्हणालास. मीही बाजूला उभी राहून पाहिलं.” दुसरं वाक्य बोलताना ती ड्रायव्हरकडे पाहत होती.

मी त्याला म्हणालो, “माझं चुकलं.”

“हाव,” तो म्हणाला. “चुकलं.”

बस. एवढंच. माझं लांबलचक भाषण तयार होतं, ते आजतागायत तसंच पडून आहे.

आत्याने चाबी पुढे केली. त्याने लगेच घेतली नाही. आधी मागे गेला, सकाळी झाकण उघडताना उचकटलेली ती पट्टी, अर्ध्या सहीसकट, नखाने सबंध सोडवली. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि ती पट्टी मीटरच्या काचेवर आडवी चिकटवली, अंगठ्याने दाबून. रिक्षास्टँडवर हशा पिकला. त्या हशात आधीच्या थट्टेची आणि नंतरच्या गप्प राहण्याची लाज मिसळलेली होती, असं मला वाटलं. त्यांच्यातला एक म्हातारा उठून आला आणि त्याला विडी देऊ लागला. तो विडी पीत नव्हता, तरी त्याने घेतली आणि कानावर ठेवली.

मग चाबी घेतली.

गाडीचं काय करायचं ते त्यानेच सांगावं, असं आत्या म्हणाली. आता कुठे त्याला कोणी विचारत होतं. त्याने विचार करायला वेळ लावला नाही.

“पेट्रोल मौद्याच्या रस्त्यानं वाचते, बाई, खरं आहे. पन अडलेली बाई मागं असते आन् गल्लीतून गाडी उठत नाही, तवा मले जो घाम येते, तो मले नाही परवडत. जुने दाते लावा. मौद्याले मी हळू चालवीन, तितकंच वाचवीन.”

जोडी डिकीत स्टेपनीखाली होतीच. कामठी रोडच्या मिस्त्रीने ती परत बसवली. मीटरचं आधी का सांगितलं नाही म्हणून मी त्याच्यावर उखडलो, तर तो हात पुसत म्हणाला, “मीटर का तुमने पूछा कब?” दोन में से एक मिलेगा, हे त्याने सांगितलं होतं. तिसरंच काही हातात पडेल हे त्यालाही माहीत नसावं.

घरी आल्यावर मी तो वेगळा खिळा उपटला. भिंतीला भोक पडलं, आणि त्यावर मी काहीच टांगलं नाही.

आता मीटर खरं बोलत होतं, पण पट्टी तशीच. आत्याने एकदा म्हटलं की गाडीचा वेग कळत नाही, तर तो म्हणाला की मले पायाले कळते. मग मी त्याच्याकडे नीट गाडी शिकायला लागलो, दर रविवारी. मी चालवायचो, तो डावीकडे बसायचा. मीटर झाकलेलं, म्हणून वेग कानाने ओळखायचा आणि अंतर दगडांनी. चुकलो की तो फक्त कानावरून हात फिरवायचा, जणू तिथे अजून ती विडी आहे. वही माझ्याकडेच होती. पण आता आकडा तो सांगायचा आणि मी लिहायचो.

सहा महिने गेले असतील. एका रविवारी भंडारा रोडवर मी आपणहून म्हणालो की फाटकापासून दहा मैल झाले. त्याने खिडकीतून दगड पाहिला, मनात काही गुणलं-भागलं, आणि वाकून पट्टीचं टोक नखाने उचललं. ती इतकी वाळली होती की एकदम निघाली. काचेवर सहीचा निळसर डाग राहिला.

“काहून काढली?” मी त्याच्याच बोलीत विचारलं.

“झाली शिक्षा पुरी,” तो म्हणाला.

बोलताना त्याने मीटरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पट्टी चुरगाळून बाहेर फेकेल असं वाटलं, पण त्याने ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला सांगितलं की समोर बैल आहे, क्लच दाबा.